दोन दोरे

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये या वेळी
मोराची पंचिंग कार्डं उतरवली.
नवी ऑर्डर: पांढरी चादर, मधोमध लाल क्रॉस,
एवढा मोठा की दवाखान्याच्या छतावर अंथरला
तर विमानातूनही दिसावा.

"कुठल्या देशाला?" राजमणीनं विचारलं.
मालकाला फक्त बंदराचं नाव ठाऊक.

पंधरा दिवस मागावर एकच लाल.
आमचा लाल पक्का, धुतला तरी उतरत नाही,
बिलावर तशी गॅरंटीच छापलेली.

तपासणीत एक चादर मी बाजूला काढली.
आडवा पट्टा दोन दोरे खाली.
चिप्पामामा त्यावर भिंग धरून म्हणाले,
"वरनं टाकणारा काय भिंग लावून बघणार हाय?"
मग स्वतःच शिक्का मारला: रिजेक्ट.
नियम म्हणजे नियम.
कुणीतरी पाळायलाच हवा,
निदान खालच्यांनी.

ती चादर राजमणीनं घरी नेली, चिंधीच्या भावात.
रविवारी विडी घरकुलात, स्लॅबवर
धुऊन वाळत घातली,
चार कोपऱ्यांना चार विटा.
पाणी गुलाबीसुद्धा झालं नव्हतं.

दुपारी आभाळात काहीतरी घुरघुरलं.
रोजचंच असेल, ट्रेनिंगचं, कुणाचं काय.
ती कडेला उभी राहिली,
डोळ्यांवर आडवा हात, वर बघत,
आणि तिथूनच पोराला हाक मारली,
"ये, इकडं ये.
चादरीवर ये."