नाप्पीची वही

पहाटे तीनला पोटात गुडगुडतं,
भिंतीपलीकडे जुना पंप सुरू व्हावा तसं.
मी डोळे न उघडताच बूट चाचपतो.
उणे बावीस. अंगणातला दिवा.
नाप्पी पाठ वाकवते, माझ्याकडे बघते,
मग लाजल्यासारखी दुसरीकडे.

उन्हाळ्यात गवत झाकून घेतं.
बर्फावर काही लपत नाही:
पिवळं, पातळ, कडेला एक लाल ठिपका.
मी टॉर्च धरून वाकतो.
तीस वर्षं या गावचा बर्फ यंत्राने बाजूला सारला,
वाचला कधी नव्हता.

डॉक्टर वाइसानेन कुओपिओला, चाळीस किलोमीटर.
पाच महिन्यांत सात फेऱ्या.
आधी जंताची गोळी, मग रक्त, मग सोनोग्राफी,
त्यासाठी पोटावरचे केस भादरले,
मग नवं खाणं, एकदा रेनडिअरचं, एकदा घोड्याचं,
मग एक पिशवी, जिची किंमत ऐकून
इर्मेलीने पर्स उघडली, मिटली, परत उघडली.
"तरुण आहे ती, शोधू दे तिला," गाडीत म्हणाली.
एवढं लांब वाक्य बऱ्याच दिवसांनी.

नाप्पी वजनकाट्यावर टिकत नाही.
मी तिला कडेवर घेऊन चढतो, मग एकटा चढतो,
वजाबाकी डॉक्टर करतात.
तिचं सातशे ग्रॅम कमी.
माझं चार किलो.
माझा आकडा कुणी लिहून घेतला नाही.

शेवटी म्हणाल्या, वही ठेवा.
काय खाल्लं, किती वेळा, कसं होतं, रात्र कशी गेली.
फ्रिजच्या दांडीला निळ्या दोरीने पेन बांधलं.
दिवस इर्मेलीचा, रात्र माझी.

  मंगळवार. मऊ भात, उकडलेली कोंबडी. दोनदा. पातळ.
  बुधवार. तेच. एकदा. लापशीसारखं.
  गुरुवार. घट्ट! तळ्यापर्यंत चाललो. बर्फ तडकला, नाप्पी त्याच्यावर भुंकली.
  शुक्रवार, ३.१०. पुन्हा पाणी. आकाश हिरवं होतं. तुला उठवणार होतो.

आणि त्याखाली, तिच्या अक्षरात:
  उठवायचंस.

मध्येच वाटलं, सापडलं.
शेजारचा एएलिस, पंच्याऐंशीचा,
कुंपणावरून धुरी दिलेल्या माशांची शेपटं टाकायचा.
त्याच्या काठीच्या खुणांनीच चहाडी केली.
"एकटी जेवायला आवडत नाही तिला," तो म्हणाला,
आम्हाला ओरडताही येईना.
त्याने शेपटं बंद केली. पंधरा दिवस सगळं ठीक.
त्या पंधरा दिवसांत वहीत जेमतेम चार ओळी.
मग पुन्हा पंप.

आठव्या फेरीला डॉक्टर पानं उलटत होत्या.
बोट सरकत सरकत एका जागी थांबलं.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नाप्पीकडे नाही.
"हे कुणाबद्दल?"
वही माझ्याकडे फिरवली.
तारीख नाही, अक्षर इर्मेलीचं:

  पट्टा दोन भोकं आत गेलाय.
  रात्री पोट धरून उठतो,
  नाव कुत्रीचं सांगतो.

खिडकीतून ती दिसत होती,
गाडीची काच खरवडत,
काच केव्हाच स्वच्छ झाली होती तरी.
खोलीत कुणाच्या तरी पोटात गुडगुडलं.
नाप्पीने माझ्या बुटावरची हनुवटी उचलली
आणि वर बघितलं.