नखाखाली

पुंता आरेनासला खेकड्यांच्या कारखान्यात
एदेलमिरा बार्रिया उजवी अनामिका
बाकीच्या बोटांपासून वेगळी धरून काम करते.
सात वर्षं.

बर्फातला सेंतोया उचलायचा, पाय मोडायचा, मांस ओढायचं.
गार पाणी त्या नखाला लागलं
की कोपरापर्यंत वीज,
ट्रे खाली, मुकादमाची शिवी.

पहिल्या डॉक्टरने एक्स-रे काढला. काही नाही.
दुसऱ्याने संधिवाताच्या गोळ्या दिल्या.
तिसऱ्याने विचारलं, घरी सगळं ठीक ना?

घरी ठीकच होतं.
नवऱ्याने झोपेत कूस बदलली, पांघरुणाची कड नखावरून गेली,
आणि ती पहाटेपर्यंत शेगडीपाशी बसली, हात धगीला धरून.
ऊब मिळाली की जरा बरं.
हे तिने तिघांनाही सांगितलं होतं.

ओस्तोइच बाई बोलल्या नाहीत.
टेबलावरची कागदाची क्लिप सरळ केली
आणि तिचं टोक नखावर टेकवत गेल्या.
इथे? नाही.
इथे? नाही.
इथे
एदेलमिराने चिलोएच्या होड्यांवरची शिवी हासडली,
बाईंच्या तोंडावर.

बाई हसल्या. दंडाला पट्टा बांधला,
हात पांढराफटक पडेपर्यंत हवा भरली,
पुन्हा तिथेच क्लिप.
आता?

आता काहीच नाही.
सात वर्षांत पहिल्यांदा ते नुसतं बोट होतं,
दुसऱ्या कुणाचं असावं तसं.
पट्टा सुटला. रक्त आलं,
आणि त्याचा हात धरून तेही.

"बोटांच्या टोकांशी," बाई पाकिटावर पेनने काढत होत्या,
"शिरांची अशी बारीक गुंडाळी असते,
थंडीत मिटते, उबेत उघडते.
ऊब राखायचं काम तिचं.
तुमची एक वाढली. ग्लोमस म्हणतात. कर्करोग नाही."
"केवढी?"
"नखाएवढीही नाही."

नख उचललं, खालची गादी चिरली,
निळसर दाणा निघाला, मसुरीएवढा.
तिने बाटली उजेडात धरून पाहिला
आणि जराशी ओशाळली.
मोठा हवा होता. त्या तिघांना दाखवण्याजोगा.

नख परत यायला पाच महिने लागले, वाकडं आलं.
ऑगस्टात, सामुद्रधुनीवरून वारा कापत येत असताना,
धक्क्यावर तिने हातमोजा काढला
आणि हात पाण्यात बुडवला.

गार लागलं.
एवढंच. पाची बोटांना सारखं.

कारखान्यात ती अजून अनामिका वेगळी धरते.
मुकादम विचारतो, अजून दुखतंय?
नाही, म्हणते ती,
आणि बोट बघते,
ते आपलं उभंच.