थंड गिऱ्हाईक

सॉफ्टवेअर विकणारा म्हणाला होता,
आधी तुमची कामाची पद्धत कागदावर काढा.
मी कागद घेऊन तौनोसमोर बसले.
एकतीस वर्षं सौनाच्या चुली विकलेला माणूस.
त्यानं एक सरळ रेघ ओढली
आणि कॉफी आणायला गेला.

कुओपिओत त्या दिवशी उणे एकोणीस.
खिडकीबाहेर कल्लावेसी सरोवर,
कुणीच न भरलेल्या फॉर्मसारखं.

कॉफीबरोबर त्यानं सात वह्या आणल्या.
ओइवा : फोन दुपारी दोननंतर. आधी कुत्र्याची चौकशी.
मानिंकाचं जोडपं : बोलतो तो, ठरवते ती.
लेम्पी : काही घेणार नाही. तरी जायचं.

आता सांगा,
लेम्पीला कुठल्या रकान्यात बसवू?

मी रकाने वाढवत गेले. चौसष्ट झाले.
पोरं प्रत्येकात एकेक टिंब टाकून मोकळी.
सक्तीच्या रकान्यालाही टिंब चालतं
हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.
एका रात्रीत मी त्रेपन्न उडवले.
कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मग नियम लिहिला :
चौदा दिवस उत्तर नाही, तर गिऱ्हाईक 'थंड'.
सकाळी येऊन बघते तो
अख्खा जिल्हा निळा.
तौनो हसला, वर्षातून एकदा हसतो तसा.
"चूल घ्यायची तर माणूस दोन हिवाळे विचार करतो.
गप्प आहे म्हणजे लाकडं मोजतोय."
चौदा खोडून मी चारशे केले.
यंत्रानं विचारलं, नक्की?
नक्की.

मार्चमध्ये मात्र घोडं पेंड खायला लागलं.
पत्र आलं की आभार जावेत, हा पहिला नियम.
आभार गेले की नोंद बदलावी, हा दुसरा.
नोंद बदलली की गिऱ्हाइकाला कळवावं, वर पुन्हा आभार मानावेत.
आभार गेले, म्हणजे...
तीन शेजारणी,
एकमेकींच्या अंगणात केर लोटणाऱ्या,
आणि रविवारी दुकानात कुणी नाही.
दोन दिवसांत ओइवाला दोनशे बारा पत्रं गेली :
आपल्या विश्वासाबद्दल आम्ही ऋणी आहोत.

सोमवारी फोन केला, दोननंतर.
आधी कुत्र्याची चौकशी केली.
कुत्रा नोव्हेंबरातच गेला होता.

बराच वेळ तारेवर नुसता त्याचा श्वास.
"वाचली," म्हणाला. "सगळी.
शंभरनंतर वाटलं, पुढच्यात काही वेगळं असेल."
मी माफी मागितली, त्याला ती कुठं ठेवावी कळेना.
"दगडांची एक गोणी पाठवा," म्हणाला,
"जुने फुटलेत."

तुम्ही सल्ला विचारलात म्हणून हे सांगतेय.
नियम आधी स्वतःच्या नावावर चालवा,
शुक्रवारी चालू करून घरी जाऊ नका.
एक रकाना वाढवायचा तर दोन मारा.
'इतर कारण' सगळ्यांत फुगलं असेल
तर बाकीची कारणं तुम्ही घरबसल्या रचलीत.
आणि एक चौकट अशी ठेवा
जी कुठलाच नियम वाचत नाही,
जिचा तक्ता निघत नाही,
जिच्यावरून कुणाचा बोनस ठरत नाही.

आमच्याकडे तिचं नाव 'तौनो'.
तो स्वतः जूनमध्ये निवृत्त झाला.
केक कापला, दोन वाक्यं बोलला,
त्यातलं एक सुरीबद्दल होतं.

काल सहज लेम्पीची नोंद उघडली.
काही घेणार नाही. तरी जायचं.
खाली नव्या पोराची भर, टिंब नव्हे :
गेलो होतो. वेलचीचा पाव खाल्ला.
चूल चौऱ्याऐंशी सालची, दार नीट लागत नाही.
तिला माहीत आहे.