अंगठ्याची जागा

पिकअपचा वरचा काठ नव्वद अंशांचा.
साच्यातून कुणीतरी तो काढला
आणि कुणाच्याही अंगठ्याचा विचार न करता
खोक्यात भरला.

माझा अंगठा तिथं सात वर्षं टेकलाय.
मानेवाड्याच्या लॉनवर, कोराडी रोडच्या लॉनवर,
हळदीला, रिसेप्शनला,
एकदा एका नगरसेवकाच्या नातवाच्या बारशाला.
रात्री घरी येऊन पाहावं तर
नखाच्या बाजूला आडवी खाच,
कडी आपटून चौकटीला पडते तशी.

लोक गायकाकडे पाहतात, मग कीबोर्डकडे.
एक काकू मला पाहून म्हणाल्या,
"हिची गिटार बिघडली वाटते, आवाजच येत नाही."
येतो, काकू.
तुमच्या खुर्चीच्या पायांतून येतो.

मे महिन्यात तर विचारू नका.
कूलरचं तोंड पाहुण्यांकडे,
आमच्याकडे त्याची पाठ.
घामानं अंगठा निसटतो,
अंधारात पायरी चुकलेल्या पायासारखी
तर्जनी तारेखाली खोल जाते
आणि चुंबकाच्या डोक्यावर आपटते. टक्.
पाचशे माणसांना ऐकू जातो तो टक्,
नेमका मंगलाष्टकाआधीच्या शांततेत.

सायकलची ट्यूब चिकटवून पाहिली.
चुंबकांवर काळी टेप लावली.
काचपेपरनं काठ घासला,
मांडीवर काळा भुगा पडला,
पण खाली बोट बुडायचं ते बुडतच राहिलं.

ढोलकीवाला होमेश म्हणाला,
"आमच्या आबाजीले दाखव. गोळीबार चौकात."

कवडूजी निखारे. एकेकाळचे विणकर.
माग विकून झाला, ती खोली आता भाड्यानं,
भाडेकरू मोबाइलच्या काचा बदलतो.
पलंगाखाली एक पेटी मात्र होती.
त्यांनी गिटार आडवी धरली, ताणा तपासावा तशी.
"चारच तारा? आणि थ्या बी सुटल्या सुटल्या."
मग माझा हात धरला.
"कोठी रुतते थे दाखव."

मी दाखवलं.
त्यांनी त्यांचा अंगठा शेजारी ठेवला.
खाच. त्याच बाजूला, माझ्यापेक्षा खोल.

पेटीतून धोटा निघाला, तेंदूच्या लाकडाचा,
इतका गुळगुळीत की हातात धरलेला कळेना.
"रेशमाले फूस बी चालत नाही, पोरी.
एक धागा अडला तं पुरा पट्टा जाते."
टोकाकडचा भरीव भाग त्यांनी कापला.
मी नको नको म्हणत होते,
तोवर करवत अर्ध्यात पोचली होती.

तीन दुपारी गेल्या.
दोन पिकअपच्या मधली पोकळी भरायची,
तारांची कमान जशी, तशीच लाकडाची पाठ,
मध्ये एखादं पोस्टकार्ड सरकेल एवढीच फट.
काठावर ती थोडी चढवली, कोपरा दिसेनासा झाला.
घासायचे, डोळे मिटून बोट फिरवायचे,
"अजून हाय," म्हणायचे, पुन्हा घासायचे.
मला काहीच लागत नव्हतं.
त्यांच्या बोटाला लागत होतं.

एका जागी बारीक चरी राहिली,
वर्षानुवर्षं सूत धावून पडलेली.
"काढू काय?"
"राहू द्या."

पैसे घेतले नाहीत, म्हणाले, वाजव.
मी सगळ्यात खालचा सूर लावला.
त्यांनी गिटारच्या अंगावर तळवा ठेवला
आणि बराच वेळ उचलला नाही.
बाहेर मोबाइलवाला गिऱ्हाइकाशी भांडत होता.

आता बोट तारेखाली जातं तेवढंच जातं,
लाकूड त्याला म्हणतं, बस, इथवर.
परवा वाडीच्या लॉनवर साडेतीन तास वाजवलं.
कुणालाच फरक कळला नाही.
काकू आल्या असत्या
तर त्यांनाही नसता कळला.

खाच भरत आलीय माझी.
रिकाम्या वेळी अंगठा त्या चरीत जाऊन बसतो,
कुणी बोलावलेलं नसताना.