क्लचची वायर

फेजिवड्याच्या फाट्यावर माझं गॅरेज.
इलाही शिकलगार, टू-व्हीलर.
शेवटचा 'र' गंजानं खाल्लाय.

जुन्या क्लच-वायरींचा हिशोब कोण ठेवतं?
डालड्याच्या डब्यात टाकायचो.
मग एक गिऱ्हाईक येऊ लागलं, बुधवारी बुधवारी,
वायरीला पाच रुपये.
"कशाला लागत्यात रं?"
"वई बांधाया, मामा."
बरं म्हटलं.

वनखात्याच्या वरुटे मॅडम चेन ताणायला आल्या,
आणि पान्यांशेजारी एक वायर ठेवली.
टोकाला पितळी निपल,
त्यावर डावीकडं ओघळलेला डाखाचा थेंब.
तसा थेंब माझ्याच हातून पडतो,
अंगठा वाकडा आहे माझा.
पिळांत अडकलेले तांबूस केस.

"डुकराची फासकी. अडकलं भेकर.
तीन दिवस फिरलं असेल, इलाहीभाई.
झाडाभोवती वाट पडलेली,
गुऱ्हाळाच्या चरकाभोवती बैलाची पडायची ना,
तशी."

आजा माझा गावोगाव सुऱ्यांना धार लावायचा.
म्हणायचा, धार आपली, कापणं त्याचं.
तेच वाक्य ओठावर आलं होतं.
मी चहा सांगितला.

बुधवारी तो आला. डबा त्याच्यापुढं केला:
सगळ्या वायरी तोडलेल्या, बोटबोटभर.
चिमणीचा पायसुद्धा अडकायचा नाही.

"डुकरं भुईमूग उकरून खात्यात मामा,
तुमचं काय जातंय?"
खोटं नव्हतं त्याचं.
एका रात्रीत अर्धं शेत नांगरल्यागत होतं.
म्हटलं, नुकसानीचा अर्ज कर,
पंचनाम्याला मी येतो, गाडी माझी, पेट्रोल माझं.
तो थुंकला आणि गेला.
पंधरा दिवसांनी आला, अर्ज घेऊन,
सही कुठं करायची ते विचारायला.
फासक्या कुठं लावल्या, ते मात्र
निम्मंच आठवतंय म्हणाला.

आता रविवारी शटर बंद.
करवंदीच्या जाळ्यांतून आम्ही हात फिरवत जातो,
मी, मॅडम, कधी तोही.
वायर डोळ्याला दिसत नाही,
बोटाला लागते. माझ्या बोटांना लवकर लागते.

हिशोब केलाय मी, बुधवार मोजून:
सत्तेचाळीस.
सापडल्या एकोणीस.
बाकीच्या गवतात अजून उभ्या आहेत,
भेकराच्या मानेएवढ्या उंचीवर,
माझा डाख त्यांनी घट्ट धरलेला.