पाव आटा

गोरेवाड्याच्या फिल्टर प्लांटवर बत्तीस वर्षं
मी दाब लिहिला.
दर तासाला. डावीकडे वेळ, उजवीकडे आकडा,
पुढं सही.
रात्री तीनची सही कधी कधी साडेतीनला.

आता शकुन लिहिते.
सकाळी चहाआधी, तशाच लांब वहीत
(रिटायर होताना दोन कोऱ्या घरी आणल्या, खोटं कशाला बोलू).
एकशे अठ्ठावन्न. ब्याण्णव.
"कर सही," म्हणते.
करतो.

मानेवाड्याच्या दवाखान्यात आता
तिरपुडे डॉक्टरांची मुलगी बसते.
तिनं कागदावर दोन काजू काढले,
म्हणाली, काका, ह्या तुमच्या गाळण्या.
वीस वर्षांच्या साखरेनं जाळी सैल झाली,
त्यावर दाबाचा मार.
लघवीला फेस येतो का?
म्हटलं, बाई, एवढं नको समजावू.
वाळूचा थर कसा मरतो ते मी हातानं पाहिलंय.
कितीतरी दिवस पाणी नितळच दिसतं.

गोळी वाढली.
मे महिना, शेहेचाळीस डिग्री,
कूलरमध्ये पाणी टाकायला उठलो
आणि अंगण अंगावर आलं.
अठ्ठ्याण्णव.
शकुननं तो आकडा आधी लिहिलाच नाही.
संध्याकाळी लिहिला, लाल पेनानं.
दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईनं गोळी अर्धी केली.

म्हणजे दाब फार पाडूनही भागत नाही.
जुन्या पाइपांच्या वस्तीत जोर दिला की सांधे फुटायचे,
काढला की शेवटच्या गल्लीत
नळ नुसता फुसफुसायचा,
आणि बाया रिकाम्या गुंडांसकट गेटवर.
श्रावण बागडे तेव्हा लोखंडाला कान लावून
व्हॉल्व्ह फिरवायचा.
अर्धा आटा. थांब. पाव आटा.

श्रावण आता मंगळवार, गुरुवार, शनिवार
मेडिकलमध्ये चार तास पडून असतो,
दंडात दोन नळ्या.
बारा वर्षं त्यानं गोळ्या खिशात बाळगल्या.
घेतल्या नाहीत.
"काऊन घेऊ बापा? काही दुखतच नव्हतं."
दिवाळीनंतर मी त्याच्यासाठी संत्री नेली,
सिस्टरनं पिशवी खाली ठेवली:
पोटॅशियम. चालत नाही.
नागपुरात जन्म काढून संत्रं बंद!
दोघं हसलो.
मग त्यानं मानेनंच मशीन दाखवलं:
"यालेही काटा हाय पाय.
मी त्याच्यावरच नजर ठेवून असतो."

घरी वरण अळणी.
मी काही म्हणत नाही,
शकुन माझ्याकडे पाहत नाही,
लोणच्याची बरणी वरच्या फळीवर गेलेली दोघांना माहीत आहे.

रात्री उठलो.
दिवा लावून फेस पाहिला. थोडा आहे.
पाच मिनिटं खुर्चीत गप्प बसलो, पाय जमिनीला टेकवून,
तिनं शिकवलं तसं.
पट्टा दंडाला बांधला.
हवा भरली, हात आवळला, सुटला.
एकशे चौतीस. अठ्ठ्याहत्तर.
घड्याळ पाहिलं
आणि वही ओढली.
तीन वाजून अकरा.
या वेळी अकराच लिहिलं.