तिसऱ्यांदा

सस्कॅचवान, ऑक्टोबर बेचाळीस.
एवढं आभाळ, कुंपण नसलेलं,
आणि दोन टायगर मॉथ भिडली ती गवतावर,
माणसाच्या चालीनं.

मॉथला ब्रेक नाही. नाक वर, समोरचं दिसत नाही,
म्हणून नागमोडी न्यायचं असतं,
जरा डावीकडे, जरा उजवीकडे,
मान बाहेर काढून.
टॉर्गरसन सरळ आला.
त्याच्या पंख्यानं पेंडरग्रासची शेपटी
भुसा होईस्तोवर खाल्ली.

चौकशीत विचारलं, लक्ष कुठं होतं?
पोरगं एकोणीस वर्षांचं. म्हणालं,
कलहंस चालले होते, सर. दक्षिणेला.
एकाचाही पंख दुसऱ्याला लागत नव्हता.
कारकुनानं लिहिलं: निष्काळजीपणा.

शेपटी माझ्या टेबलावर आली.
लिनन, मेणाचा दोरा,
डोपचा वास, जो रविवारी चर्चमध्येही
केसांतून जात नाही.
कापड सोलताना वाचलेल्या फळीवर
पेन्सिलीची अक्षरं दिसली:
‘दुसऱ्यांदा. एडना.’

एडना फेब्रुवारीतच विनिपेगला गेली,
तार आल्यावर.
मी तिच्या अक्षराखाली लिहिलं, ‘तिसऱ्यांदा’,
नाव घातलं नाही,
आणि कापड ताणून घेतलं.